लाटांच्या बेचक्यातला बोया

माणसांनी आकाशात उपग्रह सोडले, त्यानंतरची ही गोष्ट. एक उपग्रह वाऱ्याने समुद्राच्या अंगावर उठलेला काटा रडारने पाहून वाऱ्याचा जोर सांगायचा. एका सकाळी त्याला वारा भयंकर दिसला. तरी त्याने खाली समुद्रात नांगरलेल्या, तरंगत वारा मोजणाऱ्या म्हाताऱ्या बोयाला विचारले, "बोयाबाबा, वारा किती?"

डोंगराएवढ्या दोन लाटांच्या बेचक्यात, वाऱ्याच्या आड बोया दडला होता. तो म्हणाला, "इथे फारसा नाही. मी पाण्यात जन्म काढला, पोरा. तुला एवढ्या लांबून काय कळणार?"

उपग्रहाने आपला आकडा खोडून बोयाचा बंदराला कळवला. किनाऱ्यावरच्या होड्या निघाल्या.

पुढच्या फेरीला समुद्र निवळला होता. पाण्यावर नुसत्या फळ्या तरंगत होत्या.

"मी खरं तेच सांगितलं," बोया पुटपुटला.

"हो," उपग्रह म्हणाला. "मलाही खरं तेच दिसलं होतं."