आठ वाड्या आणि एक पत्ता

“…आणि तुझ्या बायकोला येतं का रे या संगणकातलं काही?”

“तिला कुठलं, महाराज! साधी आहे ती. लग्नाला सोळा दिवस झाले, सोळा वाक्यं बोलली नसेल.”

कोकम सरबताचे पेले घेऊन दाराआड थबकलेल्या केतकीने हे ऐकलं. सतरा तरी झाली असतील, असं तिला वाटलं. पण ते सांगायचं म्हणजे अठरावं खर्ची पडलं असतं. ती आत आली, पेले ठेवले आणि भिंतीशी बसली.

सोपानगिरी महाराज मठात येण्याआधी टेलिफोन खात्यात लाइनमन होते. संगणकाला त्यांनी आजवर बोट लावलं नव्हतं. श्रीरंग त्यांचा लाडका शिष्य, पुण्यात मोठ्या कंपनीत. मोतीबिंदूच्या शिबिराची नावं नोंदवायला त्याने साइट बनवली होती, आणि नोंदणीच्या वह्या हट्टाने बंद करायला लावल्या होत्या.

पाच वाजेपर्यंत पन्नास नावं आली नाहीत, तर डॉक्टरांची गाडी दुसऱ्या तालुक्याला जाणार होती. आठ वाड्यांवर आठ आशाताई, तिथल्या आरोग्यसेविका, म्हाताऱ्यांना गोळा करून, फोन हातात धरून बसल्या होत्या.

साडेतीन झाले. एक नाव आलं नव्हतं.

“माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतंय, महाराज. हे बघा ना. त्यांच्याच फोनमध्ये गोची आहे.”

“आठही फोनमध्ये?”

“…नेटवर्क असेल.”

“तुझा लॅपटॉप मिट. तक्रार आली की आम्ही साहेबाच्या टेबलावरचा फोन उचलून बघत नव्हतो. ज्याचा बंद, त्याच्या घरी जायचं.” महाराज वळले. “सूनबाई, तुझ्या फोनवर लाव बघू ते.”

केतकीने पान उघडलं. नाव भरलं. बटण दाबलं. तांबडी ओळ आली. तिने मुकाट्याने फोन पुढे धरला.

श्रीरंगने वाचलं, “लोकलहोस्टशी संपर्क होत नाही.”

“हे कोण?”

“कोणी नाही, महाराज. कुठलंही यंत्र स्वतःलाच तसं म्हणतं.”

महाराजांनी डोळे मिटले.

“श्रीरंग, तुझ्या फोनवरून तुझ्याच नंबरला फोन लाव.”

“माझ्याच?”

“लाव. आवाज मोठा कर.”

टूं… टूं… टूं… एंगेज.

“कोणाशी बोलतोय रे तो?”

श्रीरंगची मान हळूहळू खाली गेली.

पान बनवताना नावं साठवणारा सर्व्हरही त्याच्याच लॅपटॉपवर होता. तेव्हा ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता चालून गेला. सर्व्हर मठात आला, लॅपटॉपवर जुनी प्रत चालूच राहिली, आणि पानातला पत्ताही तोच राहिला. आठ वाड्यांवरचे फोन मठाला हाक मारतच नव्हते… जो तो स्वतःलाच.

केतकीने पुढे धरलेला फोन खाली घेतला. म्हाताऱ्याने यंत्राकडे पाहिलंही नव्हतं, आणि तार कुठे तुटली ते जागेवर बसून दाखवलं होतं.

श्रीरंगने लॅपटॉप पुन्हा उघडून मठाच्या सर्व्हरचा पत्ता घातला. केतकीने पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा तांबडी ओळ. आता निराळी. ‘विनंती नाकारली.’

“हं. रिंग जातेय,” महाराज म्हणाले. “उचलत नाहीत.”

“सर्व्हर कोणाचंही घेत नाही, महाराज. भलत्यासलत्या पानावरून कोणी घुसू नये म्हणून मीच यादी केलीय. ज्या पानाचा पत्ता यादीत असेल, त्यालाच दार उघडतं.”

“चांगलं केलंस. कोण कोण आहे यादीत?”

श्रीरंगने यादी उघडली…

आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

महाराजांनी पुन्हा विचारलं नाही. पेला उचलला, सावकाश एक घोट घेतला. घड्याळाचा काटा चारवर येत होता. त्यांची नजर शिष्यावर नव्हती, केतकीवर होती. वाट पाहणारी.

तिला कळेना, आपल्याकडे कसली वाट पाहतात हे. मग ती उठली. नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून तिने ती एका ओळीची यादी वाचली: लोकलहोस्ट.

“अहो, इथे एकटे तुम्हीच आहात,” ती म्हणाली. “आठ वाड्यांना आत घ्या… आणि महाराज, तुम्ही आशाताईंना सांगा, उठू नका म्हणावं, आता नावं जातील.”