बिघडलेला चेहरा

“मग मी काय खोटं बोलायला हवं होतं, भंते?”

सुगत रामटेकेनं चपला विहाराच्या पायरीशी भिरकावल्या आणि वंदन करायचंही विसरून हे विचारलं.

भंते ज्ञानकेतु ओसरीवर आपलं चीवर शिवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

“नाही,” ते म्हणाले. “खोटं कशाला?”

सुगत गडबडला. नागपूरहून पवनीच्या या टेकडीपर्यंत मोटरसायकलवर तो मनातल्या मनात भांडत आला होता. एकेका उपदेशाला काय उत्तर द्यायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. उपदेश काही आला नाही.

“बस,” भंते म्हणाले.

तो बसला नाही.

सुगत ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं, परीक्षण करायचा. नवा हंगाम सुरू झाला की दर आठवड्याला एकेका मालिकेचा नवा भाग यायचा, आणि त्याच संध्याकाळी सुगतचा निवाडा त्याच्या चॅनलवर हजर. इतकं बारीक पाहणारा मराठीत दुसरा नाही, असं त्याचे चाहते म्हणत. तो स्वतःही म्हणे. भुवई कुठे सरकली, सावली कुठे चुकली, काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. आणि उरकलेल्या कामाची त्याला चीड होती... अगदी आतून.

“या हंगामातली सगळ्यात चांगली मालिका होती ती,” तो ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणाला. “धरणात बुडणाऱ्या एका गावाची गोष्ट. मीच घसा फोडून लोकांना सांगितलं, बघा म्हणून. आणि गेल्या भागात काय केलं त्यांनी? ती मुलगी नदीकाठी बसून रडते. सगळ्यात मोठा प्रसंग! आणि तिचा चेहरा बघा. एक डोळा वर, एक खाली. हनुवटी मेणासारखी ओघळलेली. हा विश्वासघात नाही तर काय आहे?”

“असेल.”

“मी ते चित्र तिथंच थांबवलं. मोठं करून दाखवलं. हसलो. लोकही हसले. गावभर फिरलं ते!”

“आणि उत्पला?”

सुगतच्या येरझाऱ्या थांबल्या.

उत्पला त्याची धाकटी बहीण. लहानपणी दोघं उन्हाळ्याच्या शिबिराला याच विहारात यायची. सुगत प्रश्न विचारून भंतेंना भंडावून सोडायचा, उत्पला फरशीवर खडूनं हत्ती काढत बसायची. आता ती घरी बसून, जपानी मालिकांची कामं घेणाऱ्या पुण्याच्या एका स्टुडिओसाठी चित्रं काढत होती. मोठे चित्रकार पात्राची पहिली आणि शेवटची मुद्रा ठरवत, मधल्या हालचालीची चित्रं तिच्यासारख्या मुलींकडे येत. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नसे. कुठल्या मालिकेचं काम, तेही करारानं सांगायची बंदी.

“तुम्हाला आईनं फोन केला वाटतं,” सुगत म्हणाला.

“हो.”

“मग तुम्हीच सांगा! ते चित्र तिचं आहे, हे मला कुठून कळणार? शेजारच्या खोलीत बसून ती माझं हसणं ऐकत होती म्हणे. यायचं होतं ना बाहेर! बोलायचं होतं! ते नाही. मुकाट्यानं बॅग भरली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. माझा फोन उचलत नाही. जसं काही मी तिला मारलं!”

“तिनं आधी सांगायला हवं होतं,” भंते म्हणाले.

“तेच तर!”

“सांगितलं असतं, तर तू बोलला नसतास.”

सुगतची मान ताठ झाली.

“बोललोच असतो. बहीण असली म्हणून काय झालं? वाईट ते वाईट.”

“मग सांगून तिला काय मिळालं असतं?”

खालच्या शेतात कुणीतरी मोटर सुरू केली.

“तुम्ही म्हणाल, स्वतः एक चेहरा काढून दाखव,” तो पुन्हा उसळला. “भाजी खारट झाली हे सांगायला स्वयंपाक यावा लागतो का?”

“नाही लागत.”

“स्टुडिओनं वेळ कमी दिला, तिनं रात्रंदिवस काम केलं, हे सगळं मला आईनं सांगितलं. पण बघणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय? त्याच्यासमोर चित्र येतं. चित्र बिघडलेलं होतं!”

“बरोबर आहे.”

“सारखं बरोबर बरोबर काय म्हणता, भंते!” सुगत ओरडला. विहाराच्या कौलावरचे पारवे उडाले. “बरोबर आहे, तर तिला सांगा तसं!”

“काय सांगू?”

“चित्र बिघडलं होतं म्हणून.”

“तिला ठाऊक आहे.”

...

सुगत मटकन पायरीवर बसला.

भंतेंनी दातानं दोरा तोडला, सुई चीवराला टोचून ठेवली आणि हात पुढे केला.

“दाखव.”

“काय?”

“तू सगळ्यांना दाखवलंस ते.”

सुगतनं फोन काढला आणि आपलं परीक्षण लावून दिलं. पडद्यावर ती मुलगी, थांबवून मोठी केलेली. खाली कोपऱ्यात एका चौकटीत सुगत, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला. त्याचं हसू ओसरीभर घुमलं.

भंतेंनी ते तिथंच थांबवायला लावलं.

मग त्यांनी आपला अंगठा पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवला. सुगतचा चेहरा त्याखाली झाकला गेला. ती मुलगी तेवढी उरली.

ते बघत राहिले. एक डोळा वर, एक खाली. ओघळलेली हनुवटी.

सुगत वाट पाहत होता. आता हसतील. निदान कबूल तरी करतील.

भंते बघतच राहिले.

“भंते... बस झालं आता.”

अंगठा हलला नाही. सुगतनं नाइलाजानं मान वाकवून तेच चित्र पाहिलं. कितीदा तरी पाहिलेलं चित्र. डोळा किती खाली सरकलाय ते तो झोपेतही सांगू शकला असता. त्याला ते पुढे बघवेना, आणि त्याचाही त्याला रागच आला.

“का रडतेय ही?” भंतेंनी विचारलं.

“कोण?”

“ही.”

“ते... अजून दाखवलेलं नाही. भाग तिथंच संपतो. ती नदीकाठी येते, बसते आणि रडायला लागते. बस.” त्याचा आवाज पुन्हा चढला. “मुद्दामच करतात ते, लोकांनी पुढच्या भागाची वाट बघावी म्हणून! पण त्याचा इथं काय संबंध? तुम्ही मला एवढंच सांगा, माझं चुकलं की नाही?”

भंतेंनी फोन त्याच्या हातात दिला. चीवर पुन्हा मांडीवर ओढलं.

“पुढचा भाग कधी आहे?”

“शुक्रवारी.”

भंते सुई शोधत होते.

“म्हणजे शुक्रवारपर्यंत ती रडतच राहणार.”