वाकवलेलं सोनं

फार फार वर्षांपूर्वी, सात समुद्रांपलीकडच्या एका धुकट बेटावर अँग्लो-सॅक्सन नावाचे लोक राहत असत. त्या बेटावरच्या एका गावात एक नांगऱ्या होता. माणूस स्वभावाने वाईट नव्हता. शेजाऱ्याचा बैल चिखलात रुतला, तर हातातलं काम टाकून धावायचा. पण त्याची जमीन दगडाळ होती, बैल हडकुळे होते आणि घराचं छप्पर बाराही महिने गळायचं.

त्याच्या घराला लागून एका म्हातारीचं झोपडं होतं. गावात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे तिला ‘पळपुट्याची आई’ म्हणत.

म्हातारीचा मुलगा ओस्रिक हा गावच्या सरदाराचा शिपाई होता. एकदा शत्रू चालून आला. लढाई हरणार असं दिसू लागलं, तेव्हा सरदाराने पडलेल्या वीरांच्या तलवारी गोळा केल्या. त्यांच्या मुठी सोन्याने मढवलेल्या होत्या आणि त्यांत लाल खडे बसवलेले होते. तलवारींचं गाठोडं ओस्रिकच्या हवाली करून सरदार म्हणाला, “हे शत्रूच्या हाती पडू देऊ नकोस.” ओस्रिक रानाकडे धावत गेला, तो परत आलाच नाही. सरदार त्याच लढाईत पडला. मग गावाने आपापसांत ठरवून टाकलं, की ओस्रिक सोनं घेऊन पळाला.

त्या लोकांत एक रीत होती. सणाच्या संध्याकाळी सगळे सरदाराच्या मोठ्या दालनात जमत. मधाच्या दारूने भरलेलं बैलाचं शिंग हातोहात फिरे. ज्याच्या हाती शिंग येई, त्याने आपल्या मेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि एक घोट प्यायचा. ज्याचं नाव दालनात घेतलं जातं त्याचा जीव शांत होतो, अशी त्यांची समजूत होती. पळपुट्याचं नाव घ्यायला मात्र मनाई होती. म्हातारीच्या हाती शिंग आलं, की ती मान खाली घालून ते तसंच पुढे देई.

“अगं, पी तरी!” कोणीतरी टवाळखोर ओरडे. “लेक तिकडे सोन्याच्या पेल्यातून पीत असेल!”

सगळे हसत. नांगऱ्याही हसे.

एका वर्षी नांगऱ्याने रानाच्या कडेची पडीक जमीन फोडायला घेतली. दुपारच्या वेळी नांगराचा फाळ कशाला तरी अडला. त्याने हाताने माती बाजूला केली, तर माणसाची हाडं. माणूस पालथा पडलेला होता. पाठीच्या कण्यात बाणाचं गंजलेलं टोक रुतलेलं होतं. छातीखाली गाठोडं होतं. त्याचं चामडं कुजलं होतं, तलवारींच्या पात्यांचा गंज झाला होता. सोनं मात्र कालच घडवल्यासारखं चमकत होतं.

नांगऱ्याला सगळं कळलं. ओस्रिक पळाला नव्हता. पाठीत बाण घेऊन तो इथवर आला होता, आणि मरताना आपलं अंग गाठोड्यावर टाकून त्याने ते झाकलं होतं.

“मावशीला सांगायला हवं,” नांगऱ्या स्वतःशीच म्हणाला आणि उठला. मग पुन्हा खाली बसला. सांगितलं, तर जुन्या सरदाराचा मुलगा येईल आणि सगळं उचलून नेईल. आपल्या वाट्याला काय, तर पाठीवर एक थाप! त्याला आपले बैल दिसले. गळकं छप्पर आठवलं. ‘सांगायचं तर आहेच,’ त्याने मनाची समजूत घातली. ‘पण आधी सोनं विकून येऊ. मेलेला माणूस कुठे पळून चाललाय?’

हाडं त्याने दलदलीत टाकली. सोनं मातीच्या टोपलीत लपवून घरी आणलं. पण त्या मुठी गावात कोणीही ओळखल्या असत्या. म्हणून त्याने दार लावून मुठींवरचा पत्रा ओरबाडून काढला आणि हातोडीने एकेक तुकडा वाकवायला घेतला. लाल खडे टणाटण उडाले.

“काय रे, फाळ ठोकतोयस का?” कुडापलीकडून म्हातारीने विचारलं.

“हो मावशी. फाळ वाकडा झालाय.”

“मग हळू ठोक बाबा. असं ठोकतोयस, जसं काही त्याने तुझं घोडं मारलंय!”

नांगऱ्याला हसू आलं नाही. वाकवलेलं सोनं त्याने एका मडक्यात भरलं आणि आपल्या शेताच्या कोपऱ्यात पुरलं. परदेशी व्यापारी आला, की विकू. मग सांगू.

व्यापारी आला आणि गेला. नांगऱ्याचा धीर झाला नाही. पुढचा येईल तेव्हा बघू, असं तो म्हणाला. तोवर पानगळ सुरू झाली आणि म्हातारीने अंथरूण धरलं.

नांगऱ्या तिला पेज द्यायला जाई. एके दिवशी तिने त्याचा हात धरला. “तू रानाकडे नांगरतोस ना? तिथे कधी काही सापडलं का रे? पट्ट्याचं बक्कल, जोड्याचा तुकडा, काहीही?”

नांगऱ्याने पेजेचं भांडं खाली ठेवलं.

“सोनं नको मला. एखादं हाडूक मिळालं असतं, तरी शिंग हातात घेऊन त्याचं नाव घेतलं असतं. आता तूच सांग, आईने काय मागावं? मुलगा पळाला म्हणून जिवंत असावा, की पळाला नाही म्हणून मेलेला असावा?”

सगळं नांगऱ्याच्या ओठांवर आलं. एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागून मडकंही बाहेर यावं लागलं असतं.

“नाही मावशी,” तो म्हणाला. “काही सापडलं नाही.”

म्हातारीने हात सोडला. “बरं. पेज अळणी झालीय बघ. मीठ विसरलास,” असं म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

पळपुट्याच्या आईला गावात जागा नाही, म्हणून तिला कुंपणाबाहेर पुरलं. खड्डा नांगऱ्यानेच खणला. दुसरं कोणी आलंच नाही.

पुढच्या सणाला शिंग फिरत फिरत नांगऱ्याच्या हाती आलं. तो उभा राहिला आणि ओरडला, “ओस्रिक!”

“कोणाचं नाव घेतलंस?” नव्या सरदाराने विचारलं.

“ओस्रिकचं. तो पळाला नव्हता. त्याची हाडं मला सापडली. पाठीत बाण होता.”

“दाखव.”

“दलदलीत टाकली.”

“टाकली? का?”

नांगऱ्याने शिंग शेजारच्याच्या हाती दिलं.

“बरं, आणि सोनं? सोनं कुठे आहे?”

सगळे त्याच्याकडे बघू लागले. सोनं आणून समोर ठेवलं असतं, तर ओस्रिकचं नाव त्याच घटकेला धुऊन निघालं असतं. पण वीरांच्या तलवारींची मोडतोड करणाऱ्याला त्या देशात झाडाला टांगत. नांगऱ्याने एकदा वरच्या तुळयांकडे पाहिलं.

“सोनं नव्हतं,” तो म्हणाला.

“झालं तर मग!” नेहमीचा टवाळखोर म्हणाला. “सोनं नव्हतं, म्हणजे आधी विकून खाल्लं, आणि मग साथीदारांनी पाठीत बाण घातला!”

सगळ्यांना ते पटलं. आजवर गावाला ओस्रिक पळाला असा नुसता संशय होता. त्या दिवशी पुरावाही मिळाला, आणि तो नांगऱ्याने दिला होता.

नांगऱ्या त्यानंतर शेताच्या त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही. तेवढी जमीन त्याने नांगरायचीही सोडली. छप्पर गळतच राहिलं, आणि त्याच छपराखाली तो एक दिवस मेला.

मग राजे गेले, राज्यं गेली, रान तुटलं. त्या लोकांची भाषाही कोणाला कळेनाशी झाली. शेकडो वर्षांनी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने तो कोपरा उकरला आणि सोनं वर आलं. मोठमोठे पंडित जमले. ब्रशने माती झाडून एकेक तुकडा त्यांनी भिंगाखाली धरला. इतक्या मुठी, मग तलवारी कुठे गेल्या? इतकं सुंदर काम कोणी असं वाकवलं? पुरणारा परत का आला नाही? कोणी म्हणालं लुटारू असतील, कोणी म्हणालं घाबरलेला राजा असेल. ते सोनं काचेच्या कपाटात मांडलं गेलं. ते बघायला दूरदूरहून माणसं येऊ लागली.

कपाट बंद करताना त्यांच्यातला सर्वांत वयस्कर पंडित बराच वेळ तिथे उभा राहिला.

“एवढं सोनं निघालं,” तो म्हणाला, “पण त्यात एकाही माणसाचं नाव नाही.”

तात्पर्य: एखाद्याच्या निर्दोषपणाचा पुरावा आपल्या हाती लागला, तर तो त्याच दिवशी आणि पुरता उघड करावा. आपल्या सोयीपुरतं राखून, उशिराने सांगितलेलं खरं त्या माणसाला दुसऱ्यांदा पुरतं.