समोर ठेवलेलं ताट

मौन मागायला आलेल्या माणसाला काय द्यावं, सांगा बरं?

भंते खेमानंदांनी त्याला आधी खुर्ची दिली.

"मौनाचं नंतर बघू. आधी तो ओला कोट काढ, बाबू."

स्कॉटलंडमधल्या एका बंदराच्या गावात, एकाला एक लागून असलेल्या घरांपैकी एका घरात भंतेंचा लहानसा विहार होता. खाली स्वयंपाकघर, वर बुद्धमूर्तीची खोली. भंते मूळचे भंडाऱ्याकडचे. समोर बसलेला शीलरत्न मेश्राम पवनीचा, इथल्या विद्यापीठात पीएच.डी.साठी आलेला. दर रविवारी विहारात तोच सगळ्यांना ध्यानाला बसवायचा. ग्रंथ त्याला तोंडपाठ. कोणाचा पाली उच्चार चुकला की हा तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करायचा.

गेले पाच रविवार मात्र तो फिरकला नव्हता.

"दहा दिवसांचं मौन द्या, भंते. वरच्या खोलीत बसतो. कोणाशी एक शब्द बोलणार नाही."

"गेले पाच आठवडे कोणाशी बोललास?"

"...कोणाशीच नाही."

"प्रयोगशाळेत?"

"जातच नाही."

"आईशी?"

"मायला व्हिडिओ कॉलवर सांगतो, छान चाललंय. पाठीमागे नुसती भिंत दिसेल असा बसतो. खोलीतला पसारा दिसायला नको."

"म्हणजे मौन झालंच की तुझं. काय मिळालं?"

शीलरत्न हाताच्या बोटांकडे पाहत राहिला. नखं वाढली होती.

"झोप गेली," तो म्हणाला. "मग मी ध्यान वाढवलं. आधी दोन तास, मग चार, मग सहा. माझंच कुठेतरी कमी पडतंय, असं वाटलं. पण भंते... हल्ली झोपताना वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं."

भंतेंनी आपली खुर्ची ओढून त्याच्याजवळ आणली.

"हे कोणाला सांगितलंस?"

"आत्ता... तुम्हालाच."

"बरं केलंस. जिवाचं काही करून घ्यायचं मनात आहे का? मला खरं सांग."

"नाही. तसं ठरवलेलं काही नाही. नुसतं वाटतं."

"ठीक आहे. आज तू इथेच राहायचं. मी असेन."

शीलरत्नने मान हलवली. त्याचे खांदे जरा खाली आले.

"गावातल्या आरोग्य केंद्रात एक बाई आहेत," भंते म्हणाले. "समुपदेशक. मनाचं ऐकतात, वाट काढायला मदत करतात. तिथे फोन कर."

खांदे पुन्हा ताठ झाले.

"त्यांना काय कळणार माझं? पवनी नकाशात कुठे आहे, हे तरी ठाऊक असेल का? मी निघालो तेव्हा अख्खी वस्ती नागपूरच्या विमानतळावर आली होती, भंते. माय अंगणवाडीत मदतनीस. ती सगळ्यांना माझा फोटो दाखवत फिरते. आणि मी एका गोऱ्या बाईसमोर बसून सांगू की मला जमत नाहीये? तेही इंग्रजीत? प्रबंध लिहितो मी इंग्रजीत. रडू मराठीतच येतं."

"आणखी?"

"आणखी काय... ध्यान शिकवणारा माणूस मी. लोक हसतील."

"हसतील थोडे. त्या दिवशी माझ्या डोक्यावर कबुतराने घाण केली, तेव्हाही हसले. आणखी?"

शीलरत्नला किंचित हसू आलं, आणि लगेच गेलं.

"आणखी काही नाही. मला मौन द्या."

भंतेंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी. मग टेबलाकडे पाहिलं. टेबलावर एक ताट झाकून ठेवलं होतं. सोमलता आजी नावाच्या श्रीलंकेच्या बाई मंगळवारी भंतेंसाठी जेवण आणत. आज नातीला शाळेतून आणायचं होतं, म्हणून घाईघाईने ठेवून गेल्या होत्या.

"जेवा ना, भंते," शीलरत्न म्हणाला. "बारा वाजतील. मग दिवसभर तुम्हाला खायला चालणार नाही."

"हो."

"मग घ्या ना. समोरच तर आहे."

"समोर आहे, पण कोणी दिलेलं नाही."

शीलरत्न चपापला. भिक्षूच्या हातात कोणी दिल्याशिवाय भिक्षू अन्न घेत नाही. हा नियम त्याने स्वतः रविवारी लोकांना समजावून सांगितला होता. तो घाईने उठला, दोन्ही हातांनी ताट उचललं आणि भंतेंपुढे धरलं.

भंते ताट घेईनात.

"भंते, धरा ना."

"एक विचारू? तू आज आला नसतास तर मी काय केलं असतं?"

"...उपाशी राहिला असता?"

"शेजारच्या मिसेस फ्रेझरचं दार वाजवलं असतं. पूर्वी दोनदा वाजवलंय. ती सिगारेट विझवते, हात धुते, येऊन ताट देते, आणि जाताना विचारते, 'तुला हात नाहीत का रे?'"

"पण त्या... त्यांना विनय, भिक्षूंचे नियम काय माहीत? धम्म काय माहीत?"

"काही माहीत नाही. ताट उचलता येतं."

शीलरत्न तसाच उभा. ताट त्याने तसंच पुढे धरून ठेवलं.

"बावीस वर्षं झाली," भंते हळूच म्हणाले. "एक घास मी माझ्या हाताने उचलून घेतलेला नाही. रोज कोणाच्या तरी दारात. त्या माझ्या तू पाया पडतोस... आणि स्वतः दार वाजवायला लाजतोस?"

शीलरत्नच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते. ते गालावरून ओघळून त्याच्या स्वेटरवर पडलं.

आता भंतेंनी दोन्ही हात पुढे केले आणि ताट घेतलं.

भात, मसुराची आमटी, फणसाची भाजी. भंते शांतपणे जेवू लागले. शीलरत्नने स्वेटरच्या बाहीने गाल पुसले.

"भंते... नंबर आहे?"

तोंडात घास होता. भंतेंनी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं.

फोनवर बोलताना तो दोनदा अडखळला. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही. तिने विचारलं, रात्री एकटा आहेस का, कोणी सोबत आहे का. मग विचारलं, बोलायला कोणती भाषा सोपी जाईल.

"मराठी," तो म्हणाला.

तिने त्याला त्या शब्दाची इंग्रजी अक्षरं सांगायला लावली आणि लिहून घेतली. फोनवर दुभाषी मिळतो का ते बघते, म्हणाली. उद्याची वेळ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दोघं आरोग्य केंद्रात पोचले. काउंटरवरच्या बाईंनी भंतेंच्या अंगावरचं चीवर पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. "भंते, समुपदेशनाची तुमची वेळ तर गुरुवारी असते ना?"

शीलरत्नने चमकून भंतेंकडे पाहिलं.

"माझी गुरुवारीच," भंते म्हणाले. "आज याला आत घ्या."