झाकणावरचे आसन

डोंगराच्या पायथ्याशी एकदा एक मठ होता आणि त्याचा सगळा कारभार एका शिष्याच्या शिरावर होता. शिष्य चाळिशीचा, व्युत्पन्न आणि कामाला चोख. दरवर्षी माघात तेथे सात दिवसांचे सत्र चाले आणि दोनशे साधक लांबून येत. कोणाला काय हवे हे त्याने मागण्याआधी या शिष्याला कळते, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्याला मनातून आवडतही असे.

एका वर्षी सत्राच्या तिसऱ्या सकाळी मठाची शौचालये तुंबली. आधी पाणी सावकाश उतरू लागले, मग उतरेचना, आणि न्याहारीच्या सुमारास न्हाणीघराच्या मोरीतून घाण उलटी वर आली. बायका नाकाला पदर लावून अंगणात उभ्या राहिल्या. त्यातच दुपारी शेजारच्या पीठाचे अधिपती यायचे होते.

शिष्याने गावातून भागाजीला बोलावले. तुंबलेली गटारे मोकळी करणे हे भागाजीचे काम. त्याने लांब बांबू नळात घालून तासभर खटपट केली, पण बांबू दर खेपेस एकाच जागी अडे.

"बुवा, बोळा मैल्याच्या टाकीच्या तोंडाशी बसलाय," तो म्हणाला. "वरून निघायचा नाही. तालुक्याहून उपसायची गाडी मागवा."

"कधी येईल गाडी?"

"आज सांगितलं तर उद्या."

"उद्यापर्यंत कसं थांबायचं? आत उतरून निघेल का?"

भागाजीने टाकीच्या झाकणाकडे पाहिले. "निघंल," तो म्हणाला.

"मग उतर. लवकर आटप."

भागाजीने सदरा काढला, त्याची घडी करून बाजूला ठेवली आणि झाकण उचकटायला पहार आणण्यासाठी तो मागच्या खोपटाकडे गेला. परत येतो तो झाकणावर मठाचे वृद्ध गुरू मांडी घालून बसलेले. व्यासपीठावरची घोंगडी त्यांनी स्वतःच उचलून आणली होती.

शिष्य धावत आला. "महाराज, इथे फार दुर्गंधी आहे. आपण मंडपात चलावं. लोक खोळंबलेत."

"मी उठलो की हे झाकण उघडेल," गुरू म्हणाले. "म्हणून उठत नाही."

शिष्याला काही उमगेना. म्हातारपणी बुद्धी चळली की काय, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. एव्हाना साधकही कुजबुजत भोवती जमले होते.

गुरूंनी भागाजीला विचारले, "टाकी किती खोल आहे?"

"दोन पुरुष असंल, महाराज."

"आत अंधार असेल."

"अंधाराचं काय नाही. हवा वाईट. कळायच्या आत माणूस आडवा होतो. माझा धाकटा भाऊ तसाच गेला. मी वर उभा होतो. हाक मारली, पण ओ आली नाही."

शिष्य त्याच्याकडे वळला. "मग तू उतरायला का निघालास? नाही म्हणायचं होतंस."

"तुम्ही लवकर आटप म्हणालात, बुवा." भागाजीच्या स्वरात तक्रार नव्हती. घडले तेवढेच त्याने सांगितले.

गुरू शिष्याकडे वळले. "तू दुष्टपणाने हे केलं असतंस, तर आज तुला मठाबाहेर काढलं असतं. पण तू फक्त पाहुण्यांचा विचार करत होतास. त्या नादात एका माणसाला मृत्यूच्या तोंडी धाडलंस आणि तुझं मन जरासुद्धा अडखळलं नाही. आपलं अन्न आपण पाहतो, वाखाणतो. त्याचं पुढे काय होतं ते आपल्याला पाहायचं नसतं, आणि म्हणून तिथे उभा असलेला माणूसही दिसेनासा होतो. दुर्गंधी आपण एक दिवस सोसू. हे झाकण मात्र माणसाला आत सोडण्यासाठी उघडणार नाही."

शिष्याने गाडी मागवण्याची व्यवस्था केली आणि मग सर्वांसमोर उभे राहून स्वतःच सांगितले की उद्यापर्यंत मठात शौचालय नाही, आणि एका माणसाच्या जिवावर ते आजच मोकळे करण्याची चूक आपण करणार होतो. तीसेक साधक सामान बांधून निघून गेले. अधिपतींनी येणे रहित केल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि अर्ध्या तासात बोळा निघाला: कुजलेले निर्माल्य आणि मठातलेच दोन पंचे.

पण शिष्याच्या मनात कायमची राहिली ती आदली दुपार. तात्पुरत्या सोयीसाठी मठामागच्या माळावर चर खणायचा होता. उरलेल्या साधकांच्या हाती कुदळी-फावडी देऊन तो स्वतः सर्वांत आधी खणायला लागला. जमीन कठीण होती आणि त्याच्या हातांना या कामाची सवय नव्हती. थोडे खणून झाल्यावर तो थांबला.

"भागाजी, चर किती खोल हवा? तुम्ही सांगा."

भागाजीने अदमास घेतला. "उभ्या माणसाचं तोंड वर दिसत राहिलं पाहिजे. त्याहून खोल नगं."

शिष्याने मान हलवली आणि पुन्हा कुदळ उचलली. मध्येच त्याने चरातून वर पाहिले. भागाजी काठावर उभा होता, नजर न हलवता त्याच्याकडेच पाहत.