मथीची वाट

या, पण पायाखाली बघून या. दगडांवर शेवाळ आहे, आणि घसरलेल्या पाहुण्याला उचलायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

हा काळ्या दगडांचा बांध म्हणजे आमच्या नांदरपाड्याचा जुना खारबांध. उजव्या हाताला आत शिरलेली खाडी, डाव्या हाताला समुद्र. आता तिकडं समुद्र दिसत नाही, नवी सिमेंटची भिंत दिसते, तिच्यावर शहरातली माणसं संध्याकाळी फिरायला येतात. तिच्याकडं आपण नंतर वळू. आधी हे बघा. बांधाच्या मध्यावर तीन हात रुंदीची ही फट. हिला दार नाही, फळी नाही. भरतीला पाणी इथून आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. नवखी माणसं म्हणतात, बांध फुटलाय वाटतं. फुटलेला नाही. हिला मथीची वाट म्हणतात. नांदरपाड्याचा कोळी कितीही अडला तरी या वाटेत जाळं लावत नाही. आणि बांधावर कालवं काढायला बसलेली बाई पहिलं कालव फोडण्याआधी कोयतीनं दगडावर तीनदा ठोकते. तसं का, ते माझ्या आजीनं मला सांगितलं. ती काही तेव्हा हजर नव्हती, पण सांगायची अशी की वाटावं, होतीच.

फार पूर्वी इथं बांध नव्हता. बंदराच्या गढीवर एक सुभेदार आला, त्याला गोदामांना जागा हवी होती आणि बंदरात कोरडी जमीन तळहाताएवढी. त्यानं ठरवलं, खाडीचं तोंड बांधून काढायचं आणि आतलं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल, सुकवायची. बांध घालण्यात नांदरपाड्याच्या जोमाचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला बोलावणं आलं. सुभेदाराला नाही म्हणायची सोय नव्हती हे खरं, आणि जोमाला आपल्या कसबाचा तोरा होता हेही तेवढंच खरं.

तीनदा बांध घातला आणि तीनदा उधाणानं तो नेला. सुभेदाराला वाटलं, कोळीच आतून दगड ढिले करतात. त्यानं जोमाला गढीच्या तळघरात कोंडलं. चौथा बांध एक पावसाळा टिकला तर सुटशील, नाही तर इथंच कुजशील, असं सांगितलं. त्या तळघरात म्हणे भरतीचं पाणी गुडघ्यापर्यंत चढायचं, आणि माणसाला बसायचीही चोरी होती.

जोमाची बायको मथी. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिचं माहेर खाडीच्या तोंडापलीकडं, करंजबेटावर. होडीनं गेलं तर घटकाभराची वाट. जोमाच्याच आखणीवर गावानं चौथा बांध उभा केला, त्या दिवशी ती देवीपुढं गेली आणि नवस बोलली, "आये, यो बांद टिकू दे. माजा घोव सुटला, तं मी मरेपत्तुर बांदाभायेर पाऊल टाकनार नाय."

माझी आजी इथं थांबायची आणि म्हणायची, नवस बोलताना बाईनं जीभ दाताखाली धरावी. देवी ऐकत नाही ही पंचाईत नव्हे, ऐकते ही पंचाईत आहे.

बांध टिकला. दसऱ्याला जोमा सुटून आला. त्याच्या पायांची कातडी पाण्यानं पांढरी पडली होती. सोडताना सुभेदारानं बजावलं होतं, बांधाला खिंडार पडलं तर तळघर कुठं गेलेलं नाही.

त्यानंतर जे झालं त्याला गाव चमत्कार म्हणू लागलं. माघ संपता संपता बांधाच्या आतल्या अंगाला जिताडे गोळा होऊ लागले, हातभर, दोन हात लांबीचे. जाळं टाकावं आणि काढावं. होडी नको, वल्हं नको, म्हाताऱ्यांनीसुद्धा बांधावर बसून मासे काढले. रोज एक जिताडा सुभेदाराच्या ताटात जाऊ लागला. साहेबाकडं काही कामासाठी जाताना जिताडा घेऊन जावं, ही आमच्या किनाऱ्याची रीत तेव्हापासूनची म्हणतात, मला काही खोटी वाटत नाही. बांधाच्या दगडांवर कालवंही धरली. गाव म्हणालं, देवीनं मथीला दुपटीनं दिलं. सुभेदाराच्या नावानं नारळ फुटला.

मथीला दिवस गेले होते. पहिलटकरीण माहेरी जायची, ही तर सगळ्यांचीच रीत. सातवा लागला तशी तिची आई होडी घेऊन न्यायला आली आणि बांधाला बाहेरून होडी लावून उभी राहिली. मथी बांधाच्या आत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो, म्हणून आईला आत येऊन राहता येईना. नवसामुळं लेकीला बाहेर जाता येईना. पाच हात रुंदीचा बांध मध्ये, आणि दोघी दोन बाजूंनी रडल्या.

मग आई दर उधाणाला येऊ लागली. होडीतून वल्ह्यानं बांधावर तीनदा ठोकायची. आत कालवं काढत बसलेली मथी कोयतीनं तीनदा ठोकायची. म्हणजे तू आहेस, मी आहे, बरं चाललंय. समोर आलं की रडू फुटायचं, म्हणून एवढंच बोलणं.

वैशाखात एके दिवशी मथीला ठोका ऐकू आला. तिनं उलट तीनदा ठोकलं. पुन्हा ठोका आला, मग आणखी एक, मग चार. तिनं बांधावर चढून पाहिलं तर बाहेर होडी नव्हती. ओहोटी होती, बाहेर नुसता चिखल. ठोके आतून येत होते. तिनं खाली वाकून पाहिलं. जिताडे दगडांवर डोकं आपटत होते. मोठा जिताडा म्हणजे बहुतेक मादीच. सगळ्यांची पोटं गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, तट्ट फुगलेली. एकीच्या तोंडाचं कातडं सोलवटून निघालं होतं, तरी ती मागं सरकायची आणि पुन्हा येऊन धडकायची.

घरी येऊन ती जोमाला म्हणाली, "ती आपल्याकरं आल्या नाय वो. त्यांना भायेर जायाचं हाय. अंडी घालाला समुद्राच्या तोंडाला जातान ती. त्यांचं म्हायेर तितं हाय."

जोमा म्हणाला, "मासली गावतं हाय तं खा, नि गप रव्ह."

"सगली म्होटी गावतान. ल्हान कुटं हाय? औंदा बोटाएवरं पिल्लू तरी बगलाव का तुमी?"

 पिल्लू जोमानंही पाहिलं नव्हतं. गावात कोणीच पाहिलं नव्हतं, आणि मोठी मासळी मिळत असताना लहान कोण शोधतो? आम्ही कोळी पाण्याचा रंग बघून मासा सांगणारे. पण त्या साली अख्खं गाव कोंडलेल्या माशाला बरकत समजलं. जोमाला बायकोचं म्हणणं पटलं होतं. पण बांधाला हात लावायचा म्हणजे तळघर. त्यानं आपले पांढरे पाय तिच्यापुढं केले आणि विचारलं, "मना परत तितं धारतंस?"

 नवरा सुटावा म्हणून तिनं स्वतःला कोंडून घेतलं होतं. आता ती खाडीतली मासळी सोडवायची, तर नवरा पुन्हा कोंडला जाणार. महिनाभर ती रोज बांधावर जाऊन बसे, ठोके ऐके आणि घरी येई. पाण्यावर मेलेल्या माद्या उलट्या तरंगू लागल्या. मग एक दिवस तिनं ठरवलं.

बांधात एक चावीचा दगड असतो. तो हलला की आजूबाजूचे चार हलतात. तो कुठं बसवायचा हे जोमानं लग्नानंतर फुशारकीनं तिलाच सांगितलं होतं. मथी रोज ओहोटीला, भर उन्हात, सगळ्यांदेखत त्या दगडाशी कालवं काढायला बसू लागली. गरोदर बाई कोयतीनं दगड टोकरतेय, यात कोणाला काय दिसणार? कालवांबरोबर ती सांध्यातला चुनाही काढत होती.

ज्येष्ठ अमावास्येला दुपारी उधाण आलं आणि बांध मध्यावर फुटला. तीन हात, जास्त नाही. पाणी आत घुसलं, सुभेदारानं सुकवलेल्या थोड्या जमिनीवर पसरलं. मग ओहोटी लागली, पाणी उलटं फिरलं, आणि जिताडे बाहेर पडू लागले. आजी सांगायची, पाणी दिसत नव्हतं, नुसत्या पाठी दिसत होत्या.

जोमा खांद्यावर दगड घेऊन धावत आला. फट तेवढ्यातच बुजवायला अजून वेळ होता. पण फटीत, बांधाच्या आतल्या कडेला, मथी कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही हातांनी दगड धरून उभी होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या. मासे तिच्या मांड्यांना घासून जात होते.

ती म्हणाली, "दगूर टाका नायतं मना धरा. दोनी नाय जमाचं."

जोमानं खांद्यावरचा दगड बाजूला फेकला आणि तिला धरलं.

पोशी सुईण आली, पाणी उतरलं, आणि फटीतच मुलगी झाली. तेवढ्यात गढीवरची माणसं गवंडी घेऊन पोचली. सुभेदाराचा हुकूम होता, पाणी पुन्हा चढायच्या आत भोक बुजवा. पोशी कमरेवर हात देऊन आडवी उभी राहिली. "हितं बालातपन जालंय. सुवेर हाय. धा दिस ह्या दगराला कोन शिवतंय ता मना बगूचं हाय!"

गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्या. सुभेदाराचा चाबूक पाठीवर बसतो, पण सुवेर घरात शिरतं, हे त्यांना माहीत होतं. शिपायांनी धमकावलं, पण एकानंही दगडाला हात लावला नाही. मग त्यांनी जोमाला मात्र नेलं. मथी ओल्या लुगड्यात बाळ घेऊन बघत राहिली. 

दहा दिवस वाट उघडी राहिली. दहा दिवस जोमा तळघरात गुडघाभर पाण्यात उभा होता. अकराव्या दिवशी सुभेदार स्वतः आला. भरती आत येत होती आणि तिच्याबरोबर जिताड्याची पिल्लं येत होती, तांदळाच्या कणीएवढी, ओंजळीत घ्यावीत तर शंभर. पोशीनं त्याला ओंजळ भरून दाखवली आणि म्हणाली, "सरकार, तुमच्या ताटान परली ती ह्यांची आये. पुरच्या सालाला जेवाचं आसंल तं वाट ठेवा."

 सुभेदारानं दोरी मागवली आणि फट मोजली. तीन हात राहील, चौथा झाला तर मान जाईल, असा निवाडा केला. जोमाला सोडलं, पण एका अटीवर. त्यानं आणि त्याच्या वंशानं जन्मभर या फटीची राखण करायची, बांध सोडून वस्तीला कुठं जायचं नाही. माणसाला बाहेर काढलं आणि बांधाला बांधलं.

बाराव्या दिवशी मथीची आई होडी घेऊन आली. आता मूल झालं होतं, आता ती आत येऊ शकत होती. पण गाव मथीलाच म्हणालं, तू जा गो, बांध फुटला, नवस सुटला. मथी फटीत आली, आतल्या कडेच्या दगडापर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "बांद देवीनं टिकवला. भोक मी पारलंय. माजा नवस हाय तितंच हाय."

तिनं हात लांब करून बाळ आईच्या हातात दिलं. होडी हलली. पहिलटकरणीचं बाळ सव्वा महिना आजोळी राहिलं, पण आईविना, बेटावरच्या एका लेकुरवाळीच्या दुधावर. मथी त्यानंतर चाळीस वर्षं जगली म्हणतात. वाटेला नाव तिचं पडलं, पण त्या वाटेनं ती एकदाही गेली नाही. आजी एवढं सांगून पदर डोळ्याला लावायची, आणि मीही बाही लावतो, हसू नका.

तर मंडळी, मी त्या जोमाच्या वंशातला. पंपघरावर नोकरी लागली तीही इथंच, बांधापासून वीस पावलांवर. म्हणजे अट मी कोणी न सांगता पाळली.

आता ती नवी भिंत. तीन वर्षांपूर्वी बांधली, आपल्या बांधाच्या बाहेर आठ हातांवर. पाण्याला जायला तिच्यात नळ ठेवलाय, पण नळाचं तोंड उंचावर आहे. ओहोटीला ते पाण्याच्या वर राहतं, आणि भरतीला त्याच्या अंधारात मासा शिरायला धजत नाही. त्यामुळं जिताडे मथीच्या वाटेनं बाहेर येतात आणि या दोन भिंतींच्या मधल्या पाण्यात गोळा होतात. वरून फिरणारी माणसं वाकून बघतात, केवढे मासे म्हणतात, फोटो काढतात. भिंतीवर पाटीसुद्धा लागली आहे, की इथं मासळी वाढली. मी अर्ज दिलेत. अर्ज घेणारा साहेब भला माणूस आहे, पण तोही म्हणाला, आजोबा, मासे तर दिसतायत की.

आजही नांदरपाड्याचं पहिलटकरणीचं बाळ बाराव्या दिवशी या वाटेतून आजोळच्या हातात देतात. गेल्या ज्येष्ठात माझ्या सुनेचं, नेत्राचं बाळ दिलं. नेत्राची आई ओहोटीला बांधावरून उतरून या मधल्या गुडघाभर पाण्यात, चिखलात उभी होती. होडी आता इथवर येत नाही. तिनं बाळ घेतलं, छातीशी धरलं, नव्या भिंतीकडं वर पाहिलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पायरी कुठंच नव्हती. मग तिनं बाळ त्याच फटीतून परत नेत्राच्या हातात दिलं.

आजही बांधावर बसणाऱ्या बायका दगडावर तीनदा ठोकतात आणि थांबतात. आता ओहोटी लागली आहे, जरा नव्या भिंतीकडं कान देऊन ऐका. हे ठोकणं बायकांचं नाही. हे थांबत नाही.