बिनउंबऱ्याची वाट

या गारदरवाडीत कुठल्याही परसात उभे राहा, शेजारच्या कुंपणात तुम्हाला एक खिंडार दिसेल. माणूस जरा वाकून जाईल एवढं. त्याला दार नाही, फाटक नाही, खाली पायरीचा दगडसुद्धा नाही. परवा तुम्ही मला विचारलंत, "तात्या, यातून गुरं शिरत नाहीत का?" शिरतात की. घेवड्याचा वेल खातात, त्यावरून बोलाचालीही होते. तरी खिंडार कुणी बुजवत नाही. आणि अश्विन लागला की दुसरी एक गोष्ट दिसेल. आपल्या झाडाचं पहिलं सीताफळ इथं कुणी आपल्या हातानं तोडत नाही. शेजारी येतो, फळ निरखतो, "उघडले डोळे" म्हणतो आणि तोच ते तोडून घरधन्याच्या हातात देतो.

डोळे उघडणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. फळ तयार झालं की त्याच्या अंगावरचे खवले एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटी पिवळसर दिसू लागतात. म्हणजे फळानं डोळे उघडले. त्याआधी तोडलेलं फळ आढीत घाला नाहीतर धान्यात पुरा, ते नीट पिकत नाही.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या डोंगरात सीताफळ नव्हतं म्हणे. धुरपदा नावाची एक बाई लग्न होऊन आली, तिनं माहेराहून बिया आणल्या, आणि त्यांतलं एक झाड जगलं. पंचक्रोशीत तेवढं एकच. धुरपदाचा त्या झाडावर भारी जीव. तिच्या शेजारी मैना राहायची. मैना वयानं लहान, धुरपदाला आक्का म्हणायची. एकीच्या चुलीतला विस्तव दुसरीच्या चुलीत जायचा, एकीच्या दोडक्याचा वेल दुसरीच्या छपरावर चढायचा.

एका अश्विनात झाडावरची तयार फळं नाहीशी होऊ लागली. रोज दोन, रोज तीन. धुरपदाचा जीव कासावीस झाला. दसऱ्याच्या दिवशी भैरोबाच्या देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. तिथं ती बोलून गेली, "माझ्या परसात मैनेशिवाय दुसरं कोण येतं?"

मैना भांडली नाही. तिनं देवाच्या पायरीवर हात ठेवला. म्हणाली, "आक्का, आजपासून तुझा उंबरठा मी ओलांडणार नाही. मी फळ घेतलं की नाही, ते तुझं झाडच सांगेल." घरी जाऊन तिनं दोन परसांच्या मध्ये सागरगोट्याचं कुंपण लावलं. सागरगोट्याचे काटे तुम्हाला माहीत असतील. बघता बघता ते पुरुषभर उंच आणि आडवं दाट झालं.

पुढच्या वर्षी झाडाला फळं लागली. चांगली मुठीएवढी झाली. पण डोळे काही उघडेनात. तशीच मिटलेली, काळी पडली आणि दगडासारखी फांदीलाच वाळून राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. धुरपदानं खत घातलं, धूप घातला, नारळ फोडला. गाव कुजबुजायचं, पण तिच्या तोंडावर कोण बोलणार?

असं काही वर्षं चाललं. मग तिची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले होते आणि पोरीच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी नको, दूध नको. डोळे खोल गेले. एकच म्हणायची, "आई, आपल्या झाडाचं सीताफळ दे." आणि झाडावर सगळी फळं मिटलेली.

त्याच दिवसांत पाऊस सरला म्हणून धुरपदा गोठ्याचं छप्पर शाकारायला चढली. एरवी जुन्या गवतावरच नवा थर पडायचा, पण त्या साली वाऱ्यानं छप्पर पार विस्कटलं होतं, म्हणून तिनं जुनं सगळं उपसलं. तळाशी, आढ्याच्या कोपऱ्यात, काळ्याभोर बियांचे ढीग निघाले. सीताफळाच्या बिया. उदमांजराच्या वाळलेल्या लेंड्यांत गच्च बसलेल्या.

धुरपदा छपरावरच बसून राहिली. वरती दुसरं कुणी नव्हतं. बिया उकिरड्यावर टाकल्या असत्या, तर कुणाला कळलं नसतं.

ती खाली उतरली ती ओटीत बिया आणि हातात कोयता घेऊन. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिनं सागरगोट्याचं कुंपण तोडायला घेतलं. हात फाटले, लुगडं फाटलं. गल्लीतली माणसं जमली, पण पुढं कुणी झालं नाही. पलीकडे मैना झेंडूच्या वाफ्यात खुरपत होती. ती उठून उभी राहिली.

"मैना, चोर उदमांजर होतं," धुरपदा म्हणाली.

"हे तू मला एकटीला सांगतेस. बोललीस तेव्हा गाव होतं."

धुरपदा माणसांकडे वळली. ओटीतल्या बिया तिनं सगळ्यांपुढं ओतल्या. "मैनेनं माझं फळ घेतलं नाही. मी खोटं बोलले." मग पुन्हा मैनेला म्हणाली, "माझी तुळसा काही खात नाही गं. एकदा येऊन झाड बघ."

मैनेनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आक्का, मी यायला तयार आहे. पण तुझा उंबरठा ओलांडणार नाही, असा देवाला शब्द दिलाय."

धुरपदानं रक्ताळलेल्या हातानं कुंपणातलं खिंडार दाखवलं. "इथं कुठं उंबरठा आहे?"

मैना त्या खिंडारातून वाकून आत आली. झाडाखाली उभी राहून तिनं एकेक फळ निरखलं. आणि तिच्या नजरेखाली खवले सुटत गेले, फटी पिवळ्या होत गेल्या, असं सांगतात. पहिलं फळ तिनंच तोडलं, आढीत दोन दिवस पिकवलं आणि तुळसाला आपल्या हातानं भरवलं. तुळसा उठून बसली. यथावकाश सुखरूप बाळंत झाली. त्या फळाच्या बिया मैनेनं घरोघर वाटल्या, आणि आज तुम्ही बघता तो सगळा डोंगर त्यांचाच.

कुणी म्हणतं, दाट कुंपणानं झाडाचं ऊन अडलं होतं, ते मोकळं झालं. असेलही. पण मग एका दुपारच्या उन्हात फळं कशी तयार झाली, ते मला कुणी सांगत नाही. मी विचारत असतो.

आजही इथं नवी भिंत बांधली, अगदी सिमेंटची, तरी गवंडी तेवढी जागा मोकळी सोडतो. आता माझंच बघा. माझे शेजारी लेकाकडे पुण्याला राहायला गेले. झाड लगडलंय, मी रोज त्याच्याखाली जातो आणि तसाच परत येतो. तुम्ही त्यांच्याच घरात उतरलात ना? मग आठवडाभर का होईना, शेजारी तुम्हीच. या असे, खिंडारातून. डोकं सांभाळा. आणि ती खालची फांदी बघून मला सांगा, काय दिसतंय?